मिटवायची राहिलेली कॉर्ड

मी चौथी शिकलेली, पियानो मला फक्त पुसता येतो. पियानो शिकवणाऱ्या सरांकडे घरकाम करताना नऊ वर्षं तो पुसला, आणि माझी पोरगी तिथंच वाजवायला शिकली. सरांनी स्वतः बांधलेल्या, कुठं न लिहिलेल्या एका जुन्या शास्त्रीय रचनेत एक विचित्र कॉर्ड होती. चार पट्ट्या एकदम दाबायच्या. दारात कुणीतरी उभं आहे आणि आत येत नाही, तसा तो आवाज.

सर बजावायचे, "ही वाजवली की पुढची वाजवून मिटवायची. अशी सोडायची नाही."

सर गेले. पोरगी मालिकांना संगीत द्यायला लागली. भुताच्या मालिकेसाठी तिनं तेवढीच कॉर्ड उचलली, अर्धी, न मिटवता, आणि दिवसभर तीच वाजवली. घरी आली तेव्हा उजव्या हाताची चार बोटं तशीच फाकलेली. डॉक्टर म्हणाला, नस आखडलीय. आठ दिवस मी घास भरवले.

"कशाला चोरलीस?"

"चोरली काय, आई. जुन्यातलं उचलून सिनेमात, जाहिरातीत सगळेच वाजवतात."

"मग मिटवली का नाहीस?"

तिनं फाकलेला हात ओढणीखाली सरकवला.

भर दुपारी ओढतच नेली तिला. सरांच्या सुनेनं कुलूप काढलं, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. "मावशी, मी नाही आत येत."

खोलीत दमट लाकडाचा वास होता. पंखा बंद, तरी गार.

"बस. मिटव."

"आई… नको…"

"नको काय? म्हातारपणी तू मला भरवायचंस की मी तुला?"

बोटं पट्ट्यांवर बरोब्बर बसली. कॉर्ड वाजली. बाहेरच्या रस्त्याचा आवाजच बंद झाला. कुणीतरी श्वास धरावा तशी खोली थांबली. मग तिचा हात हळूच सरकला आणि पुढची वाजली. इतकी मऊ, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोटं मिटली.

"बघ. सरांचं शिकवलेलं वाया जात नाही."

ती हाताकडे बघत होती. "आई… सरांनी पुढची शिकवलीच नव्हती. 'पुढची नंतर सांगतो' म्हणायचे, त्याआधीच गेले ते."

आता ती भाजी चिरते, वेणी घालते. हात ठणठणीत आहे. फक्त दुपारी तिचा डोळा लागला, की तो हात चादरीवर त्या रचनेचं पुढचं पुढचं वाजवत जातो. मी दोन्ही हातांनी दाबून धरते. थांबत नाही. रोज थोडं पुढं जातं. ती रचना केवढी आहे, शेवट कुठं आहे, हे सांगायला कुणी उरलेलं नाही.