मुक्या बंदरातले ठोके

"ऐकलंस? परत वाजलं!"

टिटवी गच्चीच्या कठड्यावरून इतकी पुढे वाकली, की तिच्या धाकट्या बहिणीने, चिंगळीने, मागून तिचा कुडता दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"काही नाही वाजलं," पलीकडच्या गच्चीवरून शंकासुर म्हणाला. "आणि वाजलं असलं, तरी कालचंच वाजलं कशावरून?"

"तू जरा तोंड मिटशील का?"

"मिटलंच आहे. मास्क आहे तोंडावर!"

आणि तेवढ्यात तिघांनाही ऐकू आलं. ठण्... मग बराच वेळ काही नाही. मग ठण्... ठण्...

धुक्याने सारा धक्का गिळून टाकला होता. त्या पांढऱ्या भिंतीआडून येणारा तो आवाज ऐकून टिटवीच्या मानेवर सर्रकन काटा आला. चिंगळीने कुडता आणखी घट्ट धरला.

टिटवीला टिटवी म्हणायचे, कारण ती बोलायला लागली की शेजारच्या घरातला पेंगणारा माणूससुद्धा दचकून उठायचा. चिंगळी चणीने लहान आणि चपळ, म्हणून चिंगळी, म्हणजे छोटी कोळंबी. आणि शंकासुराचं तर विचारूच नका! सूर्य उगवला म्हटलं तरी तो आधी खिडकी उघडून बघणार.

एरवी सुट्टीत ही तिकडी दिवसभर धक्क्यावर उंडारायची. पण या वर्षी तो आजार आला आणि परीक्षेसकट सगळंच बंद झालं. होड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या. बर्फाचा कारखाना थांबलेला. त्याची घरघर लहानपणापासून घराच्या भिंतींत मुरलेली होती. ती थांबल्यावर पहिल्या दिवशी चिंगळीने "माझे कान बिघडले" म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मासळी नाही म्हणून समुद्रपक्षीही कुठेतरी निघून गेले. उरली ती धक्क्यावरची मांजरं. ती रिकाम्या टोपल्या हुंगायची आणि माणूस दिसला की टक लावून बघायची.

आणि गेले काही दिवस, संध्याकाळ झाली की हे ठोके.

"कुठून येतात सांगू?" टिटवी म्हणाली. "मासळीच्या लिलावघरातून!"

"लिलावघराला कुलूप आहे."

"समोरून. समुद्राच्या बाजूने ते उघडंच असतं. आणि वेळ लक्षात आली का? रोज लिलाव सुरू व्हायचा, बरोबर त्याच वेळेला."

रिकाम्या लिलावघरात लिलावाच्या वेळेला ठोके कोण मारत असेल, हा विचार तिघांनाही फारसा आवडला नाही.

टिटवीच्या आत्याकडे बंदराची लाँच होती. आजारी माणसांना खाडीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं काम तिचं, म्हणून ती घरी न येता लाँचवरच राहायची. तिचा डबा पोचवायला टिटवीला परवानगी होती. डबा धक्क्यावरच्या दगडावर ठेवायचा, लांबून हात हलवायचा आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिटवीने डबा ठेवला, हात हलवला, पण ती घराकडे वळली नाही. जाळ्यांच्या ढिगामागे दोन डोकी तिची वाट पाहत होती.

"एकमेकांपासून लांब राहा," ती कुजबुजली. "आणि शिट्टीकाका दिसले की खाली बसा."

शिट्टीकाका म्हणजे बंदराचे पहारेकरी. दाराबाहेर कोणी नाक काढलं, की यांची शिट्टी वाजलीच!

तिघं समुद्राच्या बाजूने आत शिरली. लिलावघर केवढं मोठं आहे, हे टिटवीला त्या दिवशी कळलं. नेहमी तिथे इतकी माणसं, टोपल्या आणि आरडाओरडा असायचा, की भिंती दिसायच्याच नाहीत. आता कोरड्या फरशीवर मिठाचा पापुद्रा धरला होता. माणसांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून कोणीतरी पांढरी वर्तुळं काढून ठेवली होती. त्यांवर एकदाही कोणी उभं राहिलं नव्हतं. वर आढ्याला लिलावाची घंटा होती. तिचा आवाज ऐकून सवयीने गर्दी जमू नये, म्हणून तिला पोत्यात गुंडाळून दोरीने आवळलं होतं. अंधुक उजेडात ते गाठोडं मान खाली घालून लटकलेल्या माणसासारखं दिसत होतं.

"मला घरी जायचंय," चिंगळी म्हणाली.

ठण्!

इतक्या जवळ, की तिघंही जागच्या जागी थिजली. आवाज भिंतींतून, छपरातून, पायांखालून येत होता. ठण्... ठण्... घंटा तर हलतही नव्हती!

"कोण आहे?" शंकासुराचा आवाज चिरकला.

"...आहे," लिलावघराने उत्तर दिलं.

"प्रतिध्वनी आहे रे तो!" टिटवी म्हणाली खरी, पण तिचंही काळीज धडधडत होतं. भीती वाटली की हातपाय हलवायचे, हे आत्याने तिला शिकवलं होतं. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि पत्र्याला कान लावला. मग दुसऱ्या भिंतीला. मग समुद्राकडच्या उघड्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"इकडे या! आवाज इथला नाहीच. तो समुद्रावरून येतोय. हा एवढा मोठा पत्रा तो झेलतो आणि घुमवतो."

"समुद्रावर तर काहीच नाही," शंकासुर म्हणाला. "फक्त तो खडक."

बंदराच्या तोंडाशी हत्तीच्या पाठीसारखा एक काळा खडक होता. धुक्यात त्याची नुसती सावली दिसत होती.

टिटवीने क्षणभर विचार केला. मग ती घंटेखालच्या चौथऱ्यावर चढली आणि घंटेची दोरी सोडायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"विचारते."

पोतं खाली पडलं. टिटवीने घंटेच्या आतली लोळी धरून एकच टोला दिला. टण्ण! मांजरं पळाली. घंटेची थरथर विरेपर्यंत तिघांनी श्वास रोखला.

धुक्यातून उत्तर आलं. ठण्! एकच.

टिटवीने पुन्हा लोळी धरली. तिने तीन टोले दिले. थोडा वेळ गेला. आणि मग सावकाश, जणू हात उचलायलाच कष्ट पडत असावेत तसे, तीन ठोके आले. ठण्... ठण्... ठण्...

"माणूस आहे," शंकासुर हळूच म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "टिटवे, तिथे माणूस आहे."

फुर्रर्रर्र! शिट्टी अगदी त्यांच्या मागेच वाजली.

"काय चाललंय काय! साथ आहे, कळत नाही? घंटा वाजवून सगळं बंदर गोळा करताय?"

"शिट्टीकाका, खडकामागे कोणीतरी आहे! आम्ही तीन टोले दिले, तर तिकडून तीन आले!"

"वारा आहे तो."

"वाऱ्याला मोजता येतं का?" चिंगळीने विचारलं.

शिट्टीकाकांनी एकदा झटकन समुद्राकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. पण लगेच ते जास्तच जोरात ओरडले, "घरी चला! एक शब्द नको!" आणि त्यांनी घंटेला पोतं बांधून वर गाठीवर गाठ मारली.

घरोघरी तिघांचीही चांगलीच खरडपट्टी निघाली. बोलायला गेलं, की "आधी नियम मोडलास ते सांग!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकासुर गच्चीत आला, तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. त्याचे बाबा तांडेल होते, एका मोठ्या होडीचे प्रमुख. बंदर बंद व्हायच्या आधीच ते खोल समुद्रात गेले होते. बाहेरच्या सगळ्या होड्या पलीकडच्या बंदरात थांबवल्या आहेत, काळजी नसावी, असं बंदराचा कारभार बघणाऱ्या बंदरसाहेबांनी भोंग्यावरून सांगितलं होतं. पण त्यानंतर बाबांचा एकही फोन आला नव्हता. आई म्हणायची, तिकडे रेंज नसेल.

"आईला सांगितलं," तो म्हणाला. "तिने बंदराच्या कचेरीत फोन लावला. कोणी उचलतच नाही. मग ती म्हणाली, पुन्हा हा विषय काढू नकोस, मला सहन होत नाही." त्याने खडकाकडे बोट केलं. "ते बाबाच आहेत. मला शंका नाही."

शंकासुराच्या तोंडून हे वाक्य ऐकून टिटवीला रडूच यायला लागलं.

संध्याकाळी ठोके आले, पण कसे! एक ठोका, मग इतका वेळ शांत, की आता संपलं असं वाटावं. मग एक अगदी क्षीण ठोका.

"आपण एकेकाला सांगत बसलो, तर कोणी ऐकणार नाही," टिटवी म्हणाली. "सगळ्यांनी एकदम ऐकलं पाहिजे. त्यासाठी घंटाच हवी."

"आणि शिट्टीकाका?"

"ते तुझं काम. तुला जे सर्वांत छान येतं, ते कर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिट्टीकाका लिलावघरासमोर खुर्ची टाकून बसले होते. शंकासुर आपल्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

"काका, एक शंका आहे."

"आत जा!"

"आतच आहे. उंबरा आत धरायचा की बाहेर? एक पाय आत आणि एक बाहेर असेल, तर अर्धा नियम मोडतो का? आणि शिट्टी वाजवताना तुम्ही मास्क खाली घेता. मग शिट्टीतून विषाणू..."

"अरे, काय डोकं आहे की खोकं?" शिट्टीकाका तरातरा त्याच्याकडे निघाले.

"काका, मास्क! मास्क!" वरून चिंगळी किंचाळली. शिट्टीकाका वर बघून मास्क सावरू लागले, आणि टिटवी डबा ठेवून सुसाट सुटली.

गाठी सुटेनात. तिने दात लावले, नखं तुटली, शेवटी पोतं फाडलंच. मग तिने लोळी दोन्ही हातांनी धरली आणि घंटा बडव बडव बडवली!

बंद बंदर खडबडून जागं झालं. खिडक्या उघडल्या. दारं उघडली. गच्च्यांवर माणसं आली. इतके चेहरे तिथे राहतात, याचा जणू सगळ्यांना विसरच पडला होता. शिट्टीकाका धावत येत होते. बंदरातल्या छोट्या दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरबाई आल्या. लाँचवरून आत्या ओरडली, "टिटवे, काय झालं?"

टिटवीने घंटा घट्ट मिठीत धरून गप्प केली. आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज तिने काढला.

"कोणी बोलू नका! कान द्या!"

सारं बंदर स्तब्ध झालं. धुकं पाण्यावरून सरकत होतं. काहीच येईना. शिट्टीकाकांनी हात पुढे केला, आणि तेवढ्यात...

ठण्.

एक बाई अस्फुट ओरडली.

ठण्... ठण्...

शिट्टीकाका मटकन खाली बसले. "देवा रे," ते म्हणाले. "ती होडी अजून तिथेच आहे."

"कुठली होडी?" डॉक्टरबाईंनी लांबूनच दरडावून विचारलं.

"मध्यंतरी वायरलेसवर एक आवाज आला होता. खरखर फार होती, नाव कळलं नाही. साहेब तेव्हा स्वतःच आजारी पडून घरात बंद होते. मी सांगितलं, नियम आहे, किनाऱ्याला यायचं नाही, खडकामागे नांगर टाका, पाणी आणि शिधा पाठवतो. साहेबांना फोनवर तसं कळवलं. मला वाटलं, पुढचं ते बघतील. त्यांना वाटलं असेल, मी बघतोय..."

"कोणीच बघितलं नाही!" आत्या ओरडली. तिने लाँचचं इंजिन चालूसुद्धा केलं होतं.

"थांबा!" डॉक्टरबाई धावतच पुढे आल्या. "एकही माणूस हातमोज्यांशिवाय जाणार नाही. पाण्याचे कॅन दोरीने वर द्यायचे. ताप कोणाला आहे, ते मी बघेन."

डॉक्टरबाईंना घेऊन लाँच धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. नुसती घरघर ऐकू येत राहिली, मग तीही थांबली. शंकासुराची आई दारात उभी होती, आणि शंकासुराने तिचा हात धरला होता. कोणी घरात गेलं नाही. शिट्टी वाजवणाराही कोणी उरला नव्हता.

कितीतरी वेळाने धुक्यातून आत्याचा आवाज आला. "चौघे आहेत! चौघेही जिवंत आहेत!"

लाँचने मोठी होडी ओढत आणली आणि धक्क्यासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नांगर टाकला. एका खलाशाला सडकून ताप होता. त्याला आत्याने आणि डॉक्टरबाईंनी तसंच खाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. बाकीचे तिघे होडीवरच राहिले. डेकवर, कोळपलेल्या चेहऱ्याचा, हातात तवा आणि लोखंडी पाना घेतलेला माणूस बसला होता.

"बाबा!"

"जवळ येऊ नकोस रे!" त्या माणसाने घोगऱ्या आवाजात सांगितलं. "तिथूनच बघू दे तुला."

त्यांचं डिझेल संपलं होतं, वायरलेसची बॅटरी उतरली होती. ताडपत्रीवर जमणारं धुक्याचं पाणी पिळून पिळून त्यांनी दिवस काढले होते.

"पण संध्याकाळीच का वाजवायचात?" टिटवीने विचारलं.

"तेव्हा वारा पडतो आणि बंदरातला आवाज खडकापर्यंत येतो. लिलावाची घंटा, बर्फाच्या कारखान्याची घरघर, माणसांचा गलका. आम्ही रोज कान लावून बसायचो." तांडेलांनी तवा खाली ठेवला. "काहीच यायचं नाही, पोरी. दिवा नाही, इंजिन नाही, घंटा नाही. आम्हाला वाटलं, साथीने बंदरच संपलं. इथे आता कोणी उरलेलंच नाही. तरी वाजवत राहिलो. परवा तुझा पहिला टोला आला, तेव्हा आम्ही चौघेही घाबरलो होतो. म्हटलं, त्या रिकाम्या बंदरात घंटा कोण वाजवतंय!"



रात्र व्हायच्या आत भोंगा खरखरला. घरातूनच बोलणाऱ्या बंदरसाहेबांचा आवाज खोल गेला होता. "चूक माझी आणि पहारेकऱ्याची. आम्ही एकमेकांवर सोडून मोकळे झालो. आज या तीन मुलांनी ऐकलं नसतं, तर मला कोणाला तोंड दाखवता आलं नसतं. उद्यापासून बाहेरची एकेक होडी कुठे आहे, हे मी स्वतः विचारणार."

परत आल्यावर डॉक्टरबाईंनी टिटवीच्या तुटलेल्या नखांना औषध लावलं. "नियम मोडलात, त्याबद्दल रागावायला हवं," त्या म्हणाल्या. "पण नियम कशासाठी असतात, ते आज तुम्हालाच जास्त कळलं होतं. शाबास गं!"

शिट्टीकाकांनी पाण्याचे कॅन स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणले, आणि चिंगळीसमोरून जाताना मान खाली घातली.

तांडेलांना ठरलेले दिवस पुरे होईपर्यंत होडीवरच राहायचं होतं. डॉक्टरबाईंनी त्यात तसूभरही सूट दिली नाही. दुसऱ्या दिवशी धुकं विरळ होतं. दुपारी टिटवी डबा ठेवायला आली, तेव्हा शंकासुर धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसलेला होता. त्याच्यासमोर ताट होतं. पलीकडे पाण्यावर, होडीच्या डेकवर, तांडेलही ताट घेऊन बसले होते. मध्ये सगळं पाणी होतं.

बाबांनी पहिला घास उचलला. शंकासुराने उचलला. दोघांनी एकदमच तोंडात घातला, आणि एकमेकांकडे बघत सावकाश जेवू लागले.