मी पुसलेली दोन बोटं

हे खरं आहे. मी शपथ वगैरे घेणार नाही. पटत नसेल त्याने इथेच पान उलटावं, पण नंतर पत्र पाठवून मला अक्कल शिकवू नये.

तारीख १३ जून २००२. गुरुवार. दुपारचे सव्वादोन.

जागा शारजा, रोला चौकाच्या मागच्या गल्लीतला शैलेंद्र काकांचा फोटो स्टुडिओ.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी शुभ्रा. तेव्हा सोळा वर्षांची. नववीत गणिताच्या सरांनी वर्गासमोर माझ्या पपांच्या नोकरीवरून टोमणा मारला आणि मी त्यांचं डस्टर खिडकीतून खाली फेकलं. त्यानंतर शाळा खलास. घरी बसून डोकं खाण्यापेक्षा काकांकडे बस, असं पपा म्हणाले. काका म्हणजे पपांचे मित्र. त्यांच्याकडे मी कॉम्प्युटरवर फोटो साफ करायला शिकले. माझी नजर तेज आहे. लग्नाच्या ग्रुप फोटोत कोण कोणाशी बोलत नाही, ते मला आधी दिसतं.

आमच्याकडे दहातली नऊ कामं पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोंची. चेहरा ठेवायचा, मागचं सगळं कापायचं, पांढरं करायचं. दिवसभर तेच. हात आपोआप चालतो.

हे लक्षात ठेवा. हात आपोआप चालतो.

अजून एक. आमची अवनी तेव्हा तीन महिन्यांची होती. माझी बहीण. माझ्यानंतर सोळा वर्षांनी. मधे आईची दोन बाळं गेली होती, एक पोटात आणि एक नवव्या दिवशी. त्यामुळे अवनी झाल्यावर आई तिला मांडीवरून खालीच ठेवायची नाही. पपा चिडवायचे, म्हणायचे, पोर चालायला कधी शिकणार, कॉलेजला गेल्यावर?

त्या आठवड्यात सोमवारी एक म्हातारी बाई आली. बेव्हर्ली मॅडम. ऑस्ट्रेलियाची. दुबईत मुलाकडे आली होती आणि पुढच्या आठवड्यात परत जाणार होती. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात फोटो.

तिचं गाव समुद्रकिनारी आहे. नाव कुठे सांगू नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही. त्या गावात दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून पहिली सात कुटुंबं जहाजातून आली. आता गाव त्या सातही कुटुंबांचा इतिहास पुस्तकात काढतंय. बेव्हर्ली मॅडमकडे त्यांच्या घराण्याची पानं टाइप केलेली होती. मला कौतुकाने वाचून दाखवली. कोण कुठल्या जहाजाने आला. कोणी किती मेंढ्या आणल्या. मेंढ्यांचा आकडा होता. घोड्याचं नावसुद्धा होतं.

मग तिने एक फोटो काढला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आठेक महिन्यांची एक मुलगी, पांढरा फ्रॉक, सरळ बसलेली. मागे काळं कापड, खुर्चीवर ढीग टाकावा तसं. मुलीच्या चेहऱ्यावरून एक आडवी चीर गेलेली.

मॅडम म्हणाली, ही माझी पणजी. फक्त चीर बुजव. बाकी कशाला हात लावू नको.

मी विचारलं, कापडाखाली कोण आहे?

ती हसली. म्हणाली, तेव्हा फोटोला खूप वेळ लागायचा, बाळं हलायची. म्हणून आई कापड पांघरून मागे बसायची आणि बाळाला धरून ठेवायची. तुला कसं कळलं?

मला कसं कळणार नाही? बाळाच्या काखेखाली दोन बोटं दिसत होती.

मंगळवारी मी तो फोटो स्कॅन केला. मोठा करून पाहिला. सावळी बोटं. मधल्या बोटाला नख नव्हतं. नखाच्या जागी नुसता बुजलेला खड्डा. भाजल्यासारखा.

चीर बुजवली. वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात फोन वाजायला लागला, काका आतून ओरडले, एका पाकिस्तानी ड्रायव्हरला आत्ताच्या आत्ता सहा फोटो हवे होते. माझं डोकं तापलं. मी एकीकडे त्याच्यावर ओरडत होते, एकीकडे माझा हात चालत होता.

आणि मी स्क्रीनकडे पाहिलं तेव्हा...

काळं कापड नव्हतं. मागे सगळं पांढरं. बोटंही मीच पुसली होती. सेव्हसुद्धा केलं होतं.

ते बाळ अगदी व्हिसाच्या फोटोतल्यासारखं दिसत होतं. मला तर छान वाटलं. म्हटलं, मूळ फोटो आहेच, उद्या परत स्कॅन करीन.

प्रिंट काढली. आणि मग नीट बघितलं.

बाळाची मान एका बाजूला कलली होती.

आधी सरळ होती. मी मानेला हात लावला नव्हता. पण आता... जसं कोणी मागून हात काढून घ्यावा, तशी.

त्या दिवसापासून स्टुडिओत आवाज यायला लागला.

थप्... थप्... थप्...

हळू. बाळाला थोपटतात ना, तसा. मी उठले की बंद. बसले की परत. काका म्हणाले, एसी खराब झालाय. बुधवारी एसीवाला येऊन गेला. एसी ठीक होता.

गुरुवारी दुपारी काका जेवायला घरी गेले. इथे एक ते चार दुकानं बंदच असतात. शटर अर्धं खाली. मी आईला मुद्दाम त्या वेळी बोलावलं होतं, गर्दी नको म्हणून. अवनीचा पासपोर्ट, मग व्हिसा, सगळं मुदतीत करायचं होतं आणि फोटोच झाला नव्हता.

तीन महिन्यांच्या बाळाने मान धरलेली नसते. मग आम्ही काय करतो, तर आईला स्टुलावर बसवतो, तिच्या अंगावर डोक्यासकट पांढरी चादर टाकतो, आणि ती चादरीतून बाळाला मांडीवर धरते. फोटोत बाळ दिसतं, मागे नुसतं पांढरं.

आई चादर घेऊन बसली तेव्हा माझ्या डोक्यात चमकलं. अरे, हे तर तेच. कापड काळं होतं, एवढाच फरक.

अवनी जोरात रडत होती. चार फोटो काढले, चारही वाया. आई म्हणाली, भूक लागली असेल, थांब, आत पँट्रीत पाणी गरम करते. तिने अवनीला तिच्या बास्केटमध्ये ठेवलं. मला म्हणाली, लक्ष ठेव हिच्याकडे.

मी हो म्हटलं. पण तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी गेली. मी पाठ फिरवून ड्रॉवरमध्ये दुसरी शोधत होते. दोन मिनिटं. फार तर तीन.

अवनीचं रडणं थांबलं.

एकदम.

मग...

थप्... थप्... थप्...

मी वळले. आई चादर घेऊन स्टुलावर बसली होती. अवनी मांडीवर. शांत. मान सरळ. कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, जसं तिने कधीच कोणाकडे बघितलं नव्हतं.

मला हायसं वाटलं. म्हटलं, आई, हलू नकोस, आत्ता मस्त आलीये.

एक फोटो. दुसरा. तिसरा.

आणि माझ्या मागून, आतल्या पँट्रीच्या दारातून, बाटली हलवण्याचा आवाज आला.

मी मागे बघितलं नाही. मला बघायचीच हिंमत झाली नाही.

आईचा आवाज आला. अगदी हळू.

"शुभ्रा... हिला कोणी धरलंय?"

मी कोणालाही उलटून बोलणारी, सरांचं डस्टर फेकणारी पोरगी, नुसती उभी होते. चादर किंचित वरखाली होत होती. श्वास घेतल्यासारखी.

आईच पुढे झाली. बाटली टाकून तिने अवनीला ओढून घेतलं.

चादर तशीच बसून राहिली. डोक्याचा गोल, खांदे, पुढे आलेले दोन हात. रिकामे.

मग सावकाश... खूप सावकाश खाली बसली. स्टुलावर काहीच नव्हतं.

आणि अवनी रडायला लागली. आईच्या खांद्यावरून दोन्ही हात त्या स्टुलाकडे करून.

तिला शांत करता करता संध्याकाळ झाली.

फोटो मी त्या दिवशी बघितले नाहीत. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी दुकान उघडल्यावर बघितले. तिन्ही फोटो एक नंबर. मान सरळ, डोळे उघडे, मागे पांढरं.

काखेखाली दोन सावळी बोटं.

मधल्या बोटाला नख नव्हतं.

मी बेव्हर्ली मॅडमचा मूळ पुठ्ठा काढला. त्या फोटोतलं काळं कापड आता सपाट होतं. भिंतीवर लटकवल्यासारखं. त्याच्या आत कोणी नव्हतं. बोटं नव्हती. बाळाची मान कललेली.

मग मी एक केलं. अवनीच्या फोटोतली ती दोन बोटं कापून घेतली आणि जुन्या फोटोत परत लावली. जागच्या जागी, सावली वगैरे सगळं नीट. मला ते चांगलं जमतं. प्रिंट काढली.

प्रिंटवर बोटं नव्हती.

अकरा वेळा काढली. अकराही वेळा स्क्रीनवर होती, कागदावर नव्हती.

सोमवारी मॅडम आली. मी तिला सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, भांडलेच. म्हटलं, तुमच्या पणजीची आई आमच्या अवनीच्या मागे लागलीये, तिला घेऊन जा.

म्हातारी चिडली नाही. खुर्चीवर बसली. बराच वेळ तो पुठ्ठा बघत राहिली. मग तिने ती टाइप केलेली पानं काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

पणजीची आई बाळंतपणातच गेली होती. फोटो आठ महिन्यांनंतरचा.

मी विचारलं, मग मागे कोण होतं?

ती म्हणाली, घरात सगळे आईच म्हणायचे. कोणी तारखा जुळवून बघितल्या नाहीत. मीपण नाही. मग म्हणाली, घरात एक मुलगी होती म्हणे. तिथलीच, आमची माणसं यायच्या आधीपासून जे लोक त्या किनाऱ्यावर राहत होते, त्यांच्यातली. बाळाला तीच पाजायची, तीच निजवायची. तिचं स्वतःचं बाळ होतं. त्याचं काय झालं, ते माहीत नाही.

आणि मॅडमने एक आठवण सांगितली. तिने पणजीला लहानपणी पाहिलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी. दुपारी झोपताना कोणीतरी मानेखाली हात ठेवल्याशिवाय तिला झोप यायची नाही. घरचे हसायचे.

मी म्हटलं, पुस्तकात लिहा तिच्याबद्दल. मेंढ्यांचं लिहिलंय ना, घोड्याचं लिहिलंय. तिचं लिहा, म्हणजे ती जाईल.

मॅडमने माझ्याकडे बघितलं.

"काय नाव लिहू? कोणालाच माहीत नाही."

डबा घेऊन ती गेली. मी तिच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत पळाले. परत आले.

आईने दृष्ट काढली. पपांनी पुण्याहून अंगारा मागवला. खालच्या मजल्यावरच्या रुकय्या खालांनी पाण्यावर काहीतरी पढून दिलं. पासपोर्टसाठी आम्ही मुद्दाम दुसऱ्या स्टुडिओत फोटो काढला. त्यातही बोटं आली. काउंटरवरच्या साहेबाने बघितलं, म्हणाला, बाळाच्या फोटोत आईची बोटं जरा दिसतातच, चालतं. शिक्का मारला.

आईची बोटं.

आई तिथेच उभी होती. स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिची दहाही नखं जागेवर आहेत.

मग दिवस गेले. अवनीला कधी काही झालं नाही. ताप नाही, दुखणं नाही. रोज दुपारी दोनच्या सुमाराला ती आईच्या मांडीवरून उतरायला धडपडायची. खाली ठेवलं की शांत. खोलीतून तो आवाज यायचा. सुरुवातीला आई धावत जायची, तिला उचलायची, मग अवनी किंचाळून निळी पडायची. नंतर आईने जाणं सोडलं. दाराशी बसून राहायची. भाजी निवडत. निवडलेलीच भाजी परत निवडत.

मी एकदा रागाने आत जाऊन ओरडले, शिव्या दिल्या. थोपटणं थांबलं. मी बाहेर आले. परत सुरू झालं.

या एप्रिलची गोष्ट. अवनी तेरा महिन्यांची. सकाळची वेळ, पपा ऑफिसला गेले होते. ती दिवाणाला धरून उभी होती आणि आई समोर चार पावलांवर, दोन्ही हात पसरून बसली होती. ये, ये, करत होती. आई कितीतरी दिवसांनी हसत होती.

अवनीने हात सोडला. एक पाऊल टाकलं. दुसरं. आणि मागच्या मागे कोसळली. खाली उघडी फरशी. मी दारात होते, पोचणं शक्यच नव्हतं.

ती पडलीच नाही.

मधेच थांबली. तिरपी. हवेत. मग कोणीतरी अलगद खाली ठेवावं, तशी फरशीवर बसली.

आवाज झाला नाही. अवनी रडली नाही. तिने मान मागे वळवली... वर बघितलं... जिथे कोणी नव्हतं.

आणि बोलली. तोपर्यंत तिने एकही शब्द उच्चारला नव्हता.

"आई."

माझ्या आईने ऐकलं. तिचे हात तसेच पुढे पसरलेले होते.