मागच्या खोलीतला कॉम्प्युटर

मास्तरांनी शाळा सोडून कॉम्प्युटर-नेटवर्क दुरुस्तीचं काम धरलं त्याला बारा वर्षं झाली होती, पण 'मास्तर' हे नाव काही सुटलं नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला ते त्या घरी पोचले. दार घरातल्या मुलीने उघडलं. घरून भाषांतराची कामं करणारी, चाळिशीला टेकलेली बाई. तीन आठवड्यांपूर्वी तिचे वडील गेले होते. दोन आठवड्यांपासून घरातल्या कॉम्प्युटरांवर इंटरनेट बंद होतं.

"मोबाइलवर सगळं चालतं, मास्तर. फक्त कॉम्प्युटरवर काही उघडत नाही. परवा काम पाठवायचंय, नाहीतर ते दुसऱ्याला देतील."

वडील एका मोठ्या कचेरीत संगणक विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरातच कचेरी थाटली होती. जिन्याखालच्या कपाटात एक मुख्य मशीन, म्हणजे सर्व्हर, आणि घरातले दोन्ही कॉम्प्युटर त्याच्या डोमेनमध्ये, म्हणजे त्याच्या ताब्यात. कोणी कुठल्या पासवर्डने बसायचं, किती वाजेपर्यंत बसायचं, कुठली साइट उघडायची, सगळं तो सर्व्हर ठरवायचा. तीन माणसांच्या घराला एवढा कारभार कशाला, असं मास्तरांच्या मनात आलं. ते बोलले मात्र नाहीत.

त्यांनी कपाट उघडलं. सर्व्हर बंद होता. विजेची वायर काढून, नीट गुंडाळून वर ठेवलेली. वायरीवर धुळीचा पातळ थर.

"ही कोणी काढली?"

"मी नाही," मुलगी म्हणाली.

"मी काढली." मागे तिची आई उभी होती. बारीक चणीची, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेली. "ह्यांना जाऊन आठवडा झाला, त्या दिवशी."

मास्तरांना हायसं वाटलं. दुखणं सापडलं होतं. कॉम्प्युटर प्रत्येक साइटचा पत्ता सर्व्हरला विचारत होते, आणि सर्व्हर तर बंद. त्यांनी मुलीच्या कॉम्प्युटरवर जाऊन सेटिंग बदललं, पत्ते थेट राउटरला विचारायला लावलं. पान झर्रकन उघडलं. मुलीचा चेहरा खुलला.

तीन मिनिटांनी ते पुन्हा बंद पडलं.

मास्तरांनी सेटिंग पाहिलं. सर्व्हरचा जुना पत्ता परत आला होता. त्यांनी पुन्हा बदललं आणि घड्याळाकडे बघत बसले. तीन मिनिटं झाली. त्यांच्या डोळ्यांदेखत आकडे बदलले.

"जुनं काहीतरी आत अडकलंय," ते म्हणाले. कॉम्प्युटर सर्व्हरचे काही हुकूम लक्षात ठेवतो, जुना पासवर्डही ठेवतो; सर्व्हर नसला तरी त्या जोरावर काही दिवस ढकलतो. हे त्यांनी मुलीला समजावून सांगितलं. सांगता सांगता स्वतःलाही.

"पण आईने सोमवारी पासवर्ड बदलला की," मुलगी म्हणाली. "मुदत संपली असं आलं होतं. नवा पासवर्ड माझ्या कॉम्प्युटरवरही चालला. मीच बघितलं."

मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला. एका कॉम्प्युटरवर बदललेला पासवर्ड दुसऱ्यावर चालायचा, तर मध्ये कोणीतरी तो लिहून घ्यायला हवा. सर्व्हर दोन आठवडे बंद होता.

त्यांनी सर्व्हरच्या पत्त्यावर हाक टाकली. हाक म्हणजे एवढंच, की आहेस का. उत्तर आलं. पुन्हा आलं. ओळीने येत राहिलं, जराही न अडखळता.

ते उठून कपाटाशी गेले. नेटवर्कच्या डबीवर, म्हणजे राउटरवर, तीन हिरवे दिवे लुकलुकत होते. दोन कॉम्प्युटरांचे दोन. तिसऱ्या वायरीचा माग काढत त्यांनी ती सर्व्हरच्या पाठीपर्यंत नेली आणि उपसून काढली.

दिवा तसाच लुकलुकत राहिला.

त्यांनी वायरीचं दुसरं टोकही डबीतून काढलं. आता त्या भोकात काहीच नव्हतं. दिवा थोडा वेळ स्थिर झाला, कोणी मान वर करून बघावं तसा. मग परत लुकलुकू लागला.

मास्तरांनी वायर गुंडाळली. गुंडाळी तीनदा सुटली.

"डबी खराब झाली असेल," मुलगी म्हणाली. तिने आईकडे पाहिलं नाही.

"असेल," मास्तर म्हणाले.

आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती हळूच, जणू पलीकडच्या खोलीत कोणी झोपलंय अशा आवाजात बोलली. "मास्तर, माझा कॉम्प्युटर ह्यातून बाहेर काढता येईल?"

"आई, बाबांनी सगळं तुझ्या सोयीसाठीच केलं होतं."

"साडेपाच वाजले की माझा पडदा बंद. तुझा नाही, माझा. बहिणीला चार ओळी लिहायला घेतल्या की पान जायचं. अकरा वर्षं मी तिला लिहिलेलं नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वायर काढली त्या दिवशी म्हटलं, आज लिहीन. तरी साडेपाचला पडदा बंद झाला."

मुलगी आईशेजारी पायरीवर जाऊन बसली.

डोमेनमधून बाहेर पडायला वडिलांचा पासवर्ड लागत होता, आणि तो कोणालाच ठाऊक नव्हता. एकच वाट उरली होती. मागच्या खोलीत जाऊन मास्तरांनी आईच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढली, डिस्क पार पुसली आणि सगळं नव्याने चढवलं. दोन तास गेले. खिडकीतून ऊन टेबलावर आलं. आई शेजारच्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसून होती, दवाखान्यात बसावं तशी.

कॉम्प्युटर कोराकरकरीत होऊन उभा राहिला. त्यावर ना जुनं नाव, ना जुना मजकूर. त्याला काहीच आठवत नव्हतं.

"आता तुमचा पासवर्ड घाला, काकू. तुमच्या मनाचा. मी बघत नाही." मास्तरांनी मान फिरवली.

"आजवर हेच ठरवून द्यायचे. सोमवारचाही ह्यांनीच लिहून ठेवलेला," ती म्हणाली. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, बराच वेळ टाइप करत राहिली. शेवटी तिने बटण दाबलं.

काहीच आवाज आला नाही.

"मास्तर."

त्यांनी वळून पाहिलं. पडद्यावर एक ओळ होती. हा पासवर्ड तुम्ही पूर्वी वापरला आहे, दुसरा निवडा.

"पूर्वी कधी वापरला होता का, काकू?"

तिने नकारार्थी मान हलवली. "पासवर्डात घातलं ते नाव मी कधी कोणापुढे उच्चारलेलंसुद्धा नाही."

मास्तरांनी खाली पाहिलं. आईच्या कॉम्प्युटरची काढलेली नेटवर्कची वायर अजून त्यांच्याच हातात होती.