जोडीचा फोटो

नोव्हेंबरची शेवटची तारीख होती. इंद्रपुरीतल्या घरात त्या दुपारी शर्वरी आणि तिची आजी, दोघीच होत्या. आजोबा, म्हणजे हवालदार दत्तात्रय, जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्यामागे आजीला फौजेची पेन्शन सुरू झाली होती. पण आजीच्या हयातीचा दाखला आज गेला नाही, तर पेन्शन थांबणार होती. आयुष्यभर भांडी घासून आजीच्या अंगठ्याच्या रेषा पुसून गेल्या होत्या. सेवा केंद्रावरच्या मशीनने तिचा अंगठा तीनदा नाकारला. आता मोबाइलवर चेहरा दाखवायचा, एवढाच मार्ग उरला होता.

"तुझ्या बापाला दिवसभर स्वतःचे फोटो काढता येतात. आईचा एक काढायला फुरसत नाही," आजी पुटपुटली आणि बाकावर जाऊन बसली. अगदी डाव्या टोकाला.

"आजी, मध्ये बस ना."

"अगं, पेन्शनचा फोटो जोडीनेच असतो..." बोलता बोलता ती थांबली. "सवय गं." पण सरकली नाही.

शर्वरीने मोबाइल धरला. पडद्यावरचं वर्तुळ आजीच्या चेहऱ्याकडे गेलं, थबकलं आणि हळूहळू घसरत शेजारच्या रिकाम्या भिंतीवर स्थिरावलं. खाली अक्षरं उमटली: एका वेळी एकच व्यक्ती समोर असावी.

शर्वरीने मान वर केली. बाकावर आजी एकटीच होती. बाहेर भाजीवाल्याची हाक मध्येच तुटली. खोलीत बुटांच्या पॉलिशचा वास पसरला... पॉलिश लावायचे बूट घरात आता कुणाचेच नव्हते.

तिने पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांची उघडझाप करा, असं आलं. आजीची पापणी अजून हलली नव्हती. तरी भिंतीवरचं वर्तुळ हिरवं झालं.

"आजी... तिथे..."

"कळलं मला." आजीने पदर सारखा केला आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळली. "अहो, जरा उठता का? तुम्ही हयात ठरलात, तर माझं नाव कटेल. मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

बाक करकरला. ओझं उतरल्यावर करकरतो, तसा.

शर्वरीचा हात इतका कापत होता, की आजीचा चेहरा वर्तुळात ठरेना. तेवढ्यात तिच्या मनगटाभोवती गार बोटं आवळली गेली. हात स्थिर झाला. आजीने पापण्या मिटल्या, उघडल्या... दाखला आला. आजीच्याच नावाचा.

"झालं गं बाई," आजीने सुस्कारा टाकला.

"आजी..." शर्वरीला मागे वळून बघवेना. "आजोबांना सांग ना... माझा हात सोडायला."

आजीने दाराकडे पाहिलं. मग शर्वरीकडे.

"हात? अगं, ते तर मघाशीच उठून दारात जाऊन उभे राहिलेत..."