घोरणं थांबलं तेव्हा

अबे अपूर्व, बंद कर तो मोबाइल. मामा घोरून राहिले अन् तुम्ही पोट्टे रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाकून राहिले. लाज वाटते का काही? लग्नघर आहे, दिवसभर माणूस मांडववाल्याच्या मागं धावला, थकून उताणा पडला, तं घोरणारच. अन् चिन्मयी, तू काहून हसून राहिली वं? तू तं शिकलेली आहेस. ती ट्यूबलाइट बंद करा अन् इकडे गाद्यांवर या. मामाले घोरू द्या. घोरून राहिले तोवर काही भ्याचं काम नाही.

काहून म्हणतो ते सांगतो. माझ्या ऑफिसात प्रीतम होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. नंदनवनले राहतो. तेव्हा वजन एकशे बारा किलो अन् मान अशी, की लग्नाच्या फोटोतही शर्टाचं वरचं बटन उघडं आहे. रोज रात्री दोन पेग, वरून सावजीचं मटन, अन् मंग असं घोरणं सुरू व्हायचं, की शेजारचे सकाळी विचारत, भाऊ, आमची तं नाही झाली, तुमची तरी झोप झाली का? आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात जास्त.

एक बाई तेवढी हसत नव्हती. भावना, त्याची बायको. ती रात्रभर मोजायची. कारण तो घोरता घोरता मधीच थांबायचा. झोपेत घसा ढिला पडतो, जीभ मागं जाते, हवेची वाट अरुंद होते, तिथून जी फडफड होते ते घोरणं. अन् वाट पुरीच बंद झाली की आवाजही बंद. आपण म्हणतो, चला, सुटलो एकदाचे. अन् तिकडे माणसाचा श्वासच चालू नसतो. भावना वीसपर्यंत मोजायची, मंग कोपर मारायची. तो बुडता बुडता वर आल्यासारखा हबकून श्वास घ्यायचा अन् पुन्हा झोपायचा. सकाळी त्याले काहीच आठवत नव्हतं.

मंग एक दिवस गाडी चालवता चालवता झोपला अन् डिव्हायडरवर गेला. तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. रातभर डोक्याले, छातीले वायरी लावून झोपवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासाले बेचाळीस वेळा श्वास थांबून राहिला. दारू बंद, वजन कमी, उताणं झोपाचं नाही, अन् नाकावर मास्क लावून हवा देणारी मशीन घ्या. नवी मशीन यायले पंधरा दिवस होते. दुसऱ्याची मशीन, दुसऱ्याचा मास्क घेऊ नका, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अन् शहाणपणा केला मी. म्हटलं, कामठीले लहानू म्हणून एक रिटायर ड्रायव्हर होता, दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेला, त्याची मशीन घरी पडून आहे, पंधरा दिवसांपुरती मागून घे. ही चूक माझी आहे, पोट्टेहो. मी ती अजून विसरलो नाही.

तं चौदा डिसेंबर दोन हजार तेवीस, गुरुवार. ऑफिस सुटल्यावर प्रीतम कामठीले गेला. गल्लीत दोन्हीकडे पावरलूम, सारखी खडखड. लहानूच्या घरी त्याची बायको इंदूबाई अन् मुलगा अंकुश. पोराची घरातच एक लूम होती. चहा झाला. इंदूबाई म्हणाली, "आरामात गेले जी. झोपेतच गेले. सगळे म्हणतात, नशीबवान माणूस." अंकुश थंडीची शाल पांघरून भिंतीले टेकून उभा होता, डावा हात शालीत. मशीनचा डबा त्यानं पायानं पुढं सरकवला. म्हणाला, "सगळं घेऊन जा. मास्क, नळी, सगळं. वापस आणाचं काम नाही."

प्रीतम गाडीपाशी आला तं इंदूबाई मागं आली. हळूच म्हणाली, "भाऊ, रात्री लाइट गेली न, तं उठून बसजा." एवढंच.

पहिल्या तीन रात्री प्रीतम असा झोपला, की सकाळी उठून रडला. खरंच रडला. म्हणाला, मले वीस वर्षांनी झोप भेटली. भावनानं मास्क डेटॉलनं धुतला होता, बनियनच्या पाठीवर कप्पा शिवून त्यात टेनिसचा बॉल टाकला होता, म्हणजे हा उताणा झालाच तं टोचून कुशीवर वळेल. मशीनचा बारीक सूंऽऽ आवाज. तिनं मोजणं सोडलं. तिलेही झोप लागाले लागली.

रविवार आला. सतरा तारीख.

रात्री भावनाले जाग आली. कशानं, ते समजेना. पंखा बंद. मशीनचा आवाज बंद. लाइट गेली होती. तिनं मोबाइल पाहिला, दोन चाळीस. तिले वाटलं, आता मशीन नाही, तं हा घोरायले लागन. ती वाट पाहत पडून राहिली.

प्रीतम घोरला नाही.

तिनं खिडकीकडे पाहिलं. समोरच्यांच्या गेटवरचा बल्ब चालू होता. सगळ्या गल्लीत लाइट होती.

तिनं मोजायले सुरुवात केली. एक... दोन... तीन...

...

थांबा. मामा काहून थांबले? अपूर्व, पाह्य बरं. हलव त्याले. जोरानं! कुशीवर कर, बावळटासारखा उभा राहू नको. हां. आला. आला श्वास. उशी लाव पाठीले, पुन्हा उताणे नको होऊ देऊ. ... पाहिलं? आता हसा.

हां. तं भावना वीसपर्यंत गेली. कोपर मारलं. काही नाही. तीस. तेव्हा गादी हलाले लागली. प्रीतम पाय झाडून राहिला होता. तिनं अंधारात त्याच्या तोंडाकडे हात नेला, मास्क काढाले.

मास्कवर हात होता.

थंड. चिकट. दाबून धरलेला.

तिले वाटलं, त्याचाच असन. तेवढ्यात प्रीतमचा एक हात तिच्या कानशिलावर बसला अन् दुसरा छातीवर. तो बुडणाऱ्यासारखा दोन्ही हातांनी मारून राहिला होता. दोन्ही हात त्याचे इथं होते.

मंग मास्कवरचा कोणाचा?

तिनं ओढला. हलला नाही. नखं रोवली. हलला नाही. प्रीतमचे पाय थंडावाले लागले... भावना वाकली अन् त्या हाताले चावली. दात हाडापर्यंत गेले. तिचा समोरचा दात मोडला, कट्‌ करून. तोंडात रक्त आलं. रक्त अन् तेल. कारखान्यातल्या मशीनचं काळं तेल असते न, तसं.

हात सुटला नाही.

उशाशी पाण्याचा पितळी लोटा होता. भरलेला. तिनं उचलला अन् मारला. अंधारात. पहिला घाव हातावर. दुसरा प्रीतमच्या गळ्याखाली, हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, तरी थांबली नाही. तिसरा. चौथा. पाचव्याले मास्क फुटला.

अन् प्रीतमनं श्वास घेतला.

लाइट आली. दोन त्रेचाळीस. खोलीत ते दोघंच. गादी रक्तानं अन् पाण्यानं भिजलेली, गळ्याजवळचं हाड मोडलेलं, अन् प्रीतमच्या गालांवर निळे वळ. एका गालावर अंगठा. दुसऱ्या गालावर तीन बोटं. मधल्या बोटाची जागा रिकामी.

सकाळी मी पोहोचलो. दवाखाना, प्लास्टर, सगळं केलं. भावनाचा दात अर्धा गेला होता. तो तुकडा आम्ही शोधला. चादर झटकली, गादी उचलली, पलंगाखाली झाडू फिरवला. नाही सापडला. तिनं गिळलाही नव्हता, कारण तिले पक्कं आठवत होतं, तो तिकडेच रुतून राहिला होता. मी तिले म्हटलं, घाबरली आहेस. ती म्हणाली, "भाऊजी, मले कामठीले न्या."

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. मशीन वापस कराच्या निमित्तानं. त्या दिवशी लूम बंद होती. अंकुश तापानं फणफणून बाजेवर पडलेला, डावा हात लूमच्या तेलानं काळ्या झालेल्या फडक्यात बांधलेला, कोपरापर्यंत सुजलेला. इंदूबाईनं आत्ताच गरम पाण्यानं जखम धुतली होती.

मी विचारलं, "काय झालं जी?"

"इतवारच्या राती ओरडत उठला. म्हणते, कुत्रं चावलं. पण घरात कुत्रं कुठलं? कडी तं मी स्वतः लावली होती आतून."

तिनं फडकं सोडलं. त्या हाताले मधलं बोट नव्हतं. कधीकाळी लूममधी गेलं होतं. प्रीतमनं ते पाहिलं अन् स्वतःच्या गालाले हात लावला. बाजूले वाटीत पाणी होतं, लालसर, त्यात काहीतरी पांढरं पडलेलं. इंदूबाई म्हणाली, "हे निघालं आतून. मले वाटलं, हाडाचा तुकडा आहे."

भावनानं फक्त तोंड उघडून दाखवलं.



इंदूबाईनं भावनाच्या दाताकडे पाहिलं. प्रीतमच्या गालांकडे. मंग पोराच्या हाताकडे. अन् ती खाली बसली.

"हे गेले त्या राती लाइट गेली होती," ती म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्या लूम थांबल्या. यांची मशीनबी थांबली. तं हे घोराले लागले. अशा शांततेत... पुऱ्या गल्लीले ऐकू जाय. हा पिऊन आला होता. ओरडत होता, बंद करा बुढ्याले, झोपू दे मले. मी बाजूच्या खोलीत होती. मंग यांचं घोरणं बंद झालं. मले वाटलं, लाइट आली. मशीन सुरू झाली. चला, बरं झालं. मी कूस बदलली अन् झोपली, बाप्पा... मी झोपली. सकाळी पाहिलं तं लाइट आलीच नव्हती."

अंकुश बाजेवरून उठला तो सरळ मायच्या अंगावर. लूमचा लाकडी दांडा होता, तो घातला तिच्या खांद्यावर. पुन्हा उचलला. म्हातारी हलली नाही. म्हणाली, "बापाले थांबवलं. आता मलेबी थांबव." मी त्याच्या कमरेले धरलं, दांडा माझ्या डोक्याले लागला, ही खूण त्याचीच आहे, पाह्य. शेजारचे चारजण आले तेव्हा तो आवरला. पोलिसले फोन इंदूबाईनंच केला, आपल्या हातानं.

प्रीतम आज ठीक आहे. नवी मशीन आली, डॉक्टरीणबाईंनी समोर बसून लावून दिली. दारू सुटली, बावीस किलो उतरला, बॉलवालं बनियन अजून घालतो. भावना अजूनही वीसपर्यंत मोजूनच झोपते.

तो तुकडा पोलिसांनी घेतला नाही. कोणत्या कागदावर लिहिणार ते? भावनानं आणला. दाताच्या डॉक्टरनं तिच्या अर्ध्या दाताले लावून पाहिला, बरोबर बसला. पण लावून घ्यायले ती तयार झाली नाही. कुंकवाच्या एका जुन्या डबीत कापसात ठेवला आहे. मी पाहिला आहे. दर महिन्याले ती कापूस बदलते. कोरडा, पांढरा कापूस ठेवते, अन् काढते तेव्हा तो तेलानं काळा झालेला असतो.