दोन स्पीकरच्या मधली जागा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे खरंच घडलंय. आणि जिच्या बाबतीत घडलं ती सुविधाताई माझी सख्खी आतेबहीण.

साल ब्याण्णव. एप्रिल महिना. डिचोलीजवळचं मये गाव.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती.

ताईचा नवरा दत्तप्रसाद मस्कतहून कायमचा परत आला, तो दोन मोठे स्पीकर घेऊनच. कमरेएवढ्या उंच लाकडी पेट्या. त्याच सुमारास त्यांनी तळ्याच्या वाटेवर एक जुनं चिरेबंदी घर विकत घेतलं होतं. आधी तिथे कोण राहायचं, हे कुणी विचारलं नाही.

दत्तप्रसादने पुढची मोठी खोली, म्हणजे साल, स्पीकरसाठी रिकामी केली. पेट्या कोपऱ्यात ठेवल्या तर आवाज नुसता घुमायचा. भिंतीपासून पुढे ओढल्या, तर घुमणं थांबलं. मग त्याने त्या लाकडी ठोकळ्यांवर चढवल्या, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोन्हींची तोंडं थोडी आत वळवली.

आता फक्त बसायची जागा शोधायची होती.

तो ताईला समजावत होता की दोन्ही पेट्यांपासून सारख्या अंतरावर एक जागा असते. तिथे बसलं की गाणारा समोर उभा आहे असं वाटतं. भजनाची कॅसेट लावून तो खुर्ची वीतभर मागे, वीतभर पुढे सरकवत राहिला.

ताई दारात उभी राहून बांगडे साफ करायचे राहिलेत म्हणून कुरकुरत होती.

एका जागी तो थांबला.

“हांगा,” तो म्हणाला. “हांगाच बरोबर लागता गो.”

त्याने डोळे मिटले.

आणि त्याचं डोकं... फाडकन उजवीकडे वळलं.

ताईला वाटलं, मान लचकली. तेवढ्यात डोकं डावीकडे फेकलं गेलं. गालावर पाच बोटं उठली.

समोर कुणीच नव्हतं.

कॅसेट चालूच होती. टाळ वाजत होते.

दत्तप्रसादचे हात मागे ओढले गेले. कुणीतरी खुर्चीच्या पाठीमागे धरून ठेवावेत तसे. पोटात काहीतरी बसलं आणि तो मुडपला. पुढचा फटका तोंडावर. ओठ फाटला. एक दात फरशीवर पडला, उडी मारून दारापर्यंत आला.

ताई धावली. कॅसेट प्लेअरची वायर धरून तिने जोरात खेचली. गाणं बंद झालं.

मार बंद झाला नाही.

उलट आता तो ऐकू यायला लागला... मांसावर काठी बसावी तसा आवाज. कुणाची तरी धाप. पेट्या मुक्या होत्या. आवाज खोलीतच होता.

ती नवऱ्याला ओढायला गेली. दोन पेट्यांच्या मधल्या त्या जागेत तिचा हात शिरला मात्र, मनगटावर असा तडाखा बसला की हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. आणि डाव्या कानाशी, अगदी जवळून, एका पुरुषाचा शांत आवाज...

“नांव सांग.”

तो आवाज तिला विचारत नव्हता. दत्तप्रसादला विचारत होता.

दत्तप्रसाद मान हलवत होता. नाही, नाही. प्रत्येक नाहीला एक फटका. बरगडी मोडली. डाव्या कानातून रक्ताची धार लागली.

मग त्याचे ओठ हलले. काहीतरी पुटपुटला.

आणि सगळं थांबलं.

तो खुर्चीवरून तोंडावर पडला.

शेजारचे गोकुळदास दार ढकलून आत आले. त्यांनी भजन ऐकलंच नव्हतं म्हणे. त्यांना दोन-तीन बाप्ये मारामारी करताहेत असं ऐकू येत होतं. कधीपासून, असं ताईने विचारलं. ते म्हणाले, सकाळपासून.

सकाळी तर दोघं डिचोलीच्या बाजारात होती. घराला कुलूप होतं.

म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टरांनी सरळ विचारलं, कुणी मारलं? पोलीस आले. घरात दोघंच होती, तेव्हा त्यांची नजर ताईवरच होती. पण मोडक्या मनगटाची बाई नवऱ्याची अशी अवस्था कशी करणार, म्हणून त्यांनी प्रकरण सोडून दिलं.

दत्तप्रसादचा जबडा तारेने बांधला होता. तो बोलू शकत नव्हता. पण ताई खाटेजवळ आली की तोंड भिंतीकडे फिरवायचा.

तार काढली त्या दिवशी ताईने त्याला विचारलं. रागाने नाही. पेज भरवता भरवता.

“त्यांना कोणाचं नाव हवं होतं?”

“खबर ना.”

“मग तुम्ही सांगितलंत कोणाचं?”

तो बराच वेळ रडला. ताईने वाटी खाली ठेवली.

“मार सोसवेना गो,” तो म्हणाला. “तोंडाक आयलां ते सांगलां... तुझां.”

ते घर त्यांनी सोडलं. डिचोलीत भाड्याने राहायला गेले. दत्तप्रसादला आता डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. ताईने त्याला माफ केलं का, ते मी कधी विचारलं नाही. दोघं एकत्र राहतात, जेवतात.

मागच्या चतुर्थीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई मागच्या अंगणात नारळ सोलत होती. मी तिच्याशी बोलत होतो आणि मधेच ती गप्प झाली. हातातला नारळ तसाच.

घरात दत्तप्रसाद झोपला होता. अंगणात आम्ही दोघंच.

“ऐकलंस?” तिने हळूच विचारलं.

मी काही ऐकलं नव्हतं.

“नावाने हाक मारतो,” ती म्हणाली. “पूर्वी वाटेवरून हाक मारायचा.”

तिने कुंपणाच्या दाराकडे पाहिलं. ते आतल्या बाजूला उघडं होतं.

मी आलो तेव्हा ते नीट लावून घेतलं होतं... हे मला पक्कं आठवतंय.