पांढऱ्या पाठीच्या मधमाश्या

"ही बघा आणखी एक! ही तर पार प्रश्नचिन्हच झाली!"

भोंग्याने नुकतीच तोडलेली काकडी उंच धरून ओरडून सांगितलं. तो काहीही सांगायचा ते ओरडूनच, म्हणून तर त्याचं नाव भोंगा. काकडी एका टोकाला गलेलठ्ठ होती, दुसऱ्या टोकाला सुकलेली आणि मधे चांगलीच वाकलेली.

त्याच्या मामेबहिणीने वहीत लिहिलं, 'सरळ नऊ, वाकड्या एकतीस.' ती बारा वर्षांची. दिसेल ते लिहून ठेवायची, म्हणून सगळे तिला टिपण म्हणत. तिचा धाकटा भाऊ दिवसभर तिच्या मागे मागे, त्यामुळे त्याचं नाव शेपूट पडलं होतं. दोघं सुट्टीसाठी आत्याकडे, म्हणजे भोंग्याच्या घरी आली होती.

आत्या टोपली घेऊन आली. एरवी ती भोंग्याच्या विनोदांना आधी हसायची आणि मग रागवायची. आज यातलं काहीच झालं नाही.

"फुलावर मधमाश्या पुरेशा बसल्या नाहीत की काकडी अशी अर्धवट भरते," ती म्हणाली आणि मळ्याच्या कडेला असलेल्या चार मधपेट्यांकडे वळली. तिसऱ्या पेटीचं झाकण उचलून तिने मुलांना आत बघू दिलं. मागच्या वर्षी या पेटीत माश्यांचा नुसता गजबजाट होता. आता चौकटींवर मोकळ्या जागाच जास्त होत्या.

"मरताहेत का त्या, आत्या?" टिपणने विचारलं.

"मेलेल्या दिसल्या असत्या तर निदान काही कळलं असतं गं! आत मध आहे, राणी अंडी घालतेय, पिल्लंही आहेत. पण कामकरी माश्या सकाळी बाहेर पडतात त्या परतच येत नाहीत." आत्याने शेजारच्या भिंतीकडे रागाने पाहिलं. "त्या मास्तरांच्या गुलाबांवरची फवारणी! दुसरं काय असणार? आज नगरपालिकेत तक्रारच देते. आणि शनिवारी टेम्पो येतोय. चारही पेट्या डोंगरापलीकडे मैत्रिणीकडे पाठवणार. डोळ्यांदेखत नाही मरू द्यायच्या मला."

पायांत चपला सरकवून ती तरातरा निघूनही गेली.

टिपणने बोटांवर दिवस मोजले. आज बुधवार! आठ तासांचा प्रवास करून ती दर सुट्टीत इथे यायची ती या पेट्यांसाठीच.

"चला, मास्तरांचं पितळ उघडं पाडू!" भोंगा म्हणाला. पुढच्या मिनिटाला तिघंही भिंतीवर होती.

"कोण आहे रे ते भिंतीवर? उतरा खाली! फाटकातून या माणसांसारखे!"

मास्तर गुलाबांच्या मागेच उभे होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून वर्गातलाच होता. मुलं मुकाट्याने फाटकातून आत गेली. टिपणने मात्र धीर करून सगळं विचारून टाकलं.

मास्तरांनी फवारणीचा पंप तिच्या नाकाखाली धरला. "हुंग. काय आहे?"

"साबण?"

"साबणाचं पाणी. तेही सूर्य कलल्यावर, माश्या घरी गेल्या की फवारतो. तुझ्या आत्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं! विषबाधा झाली की बहुतेक वेळा पेटीच्या दारापाशी मेलेल्या माश्या पडलेल्या असतात. तुला एक तरी दिसली?"

"नाही."

"मग त्या बाहेरच कुठेतरी अडकताहेत. जातात कुठे ते आधी शोधा. पेटीच्या दारात चिमूटभर पीठ पसरा. बाहेर पडणाऱ्या माश्यांच्या पाठी पांढऱ्या होतील. हातात वही आहे ना तुझ्या? मग भिंतीवर काय चढतेस? नोंदी कर!"

गुरुवारी सकाळी आत्याची परवानगी घेऊन मोहीम सुरू झाली. जाळीच्या टोप्या दोनच होत्या, म्हणून शेपटाच्या डोक्यावर खिडकीचा पडदा टाकला.

"नवरी निघाली हो, नवरी!" भोंगा ओरडला.

"मी नवरी नाहीये!" पडद्याच्या आतून आवाज आला. "आणि मला काही दिसत नाहीये!"

टिपणने दारात हळूच पीठ भुरभुरलं. माश्या त्यातून चालत बाहेर आल्या, पाय झटकले आणि उडाल्या. काही काकडीच्या फुलांवर बसल्या. पण बऱ्याचशा वर चढून सरळ कालव्याच्या दिशेने गेल्या. भोंगा त्यांच्या मागे कालव्यावरच्या पुलाकडे पळाला. थोड्याच वेळात त्याची आरोळी आली.

"आल्याऽऽ! पांढऱ्या पाठीच्या! तीन... सहा! बसस्टँडकडे चालल्याऽऽ!"

पुलावरून जाणारा सायकलवाला दचकून कठड्यालाच टेकला.

टिपण आणि शेपूट धावत पुलावर आले. कालव्याच्या दोन्ही काठांवर गवत अगदी मुळापासून कापलेलं होतं. मागच्या वर्षी इथे पिवळी-जांभळी रानफुलं कमरेपर्यंत आली होती. टिपणने लिहिलं, 'काठावर एकही फूल नाही.'

बसस्टँडवर पोहोचेपर्यंत तिघांचा घसा कोरडा पडला.

"आधी सरबत, मग तपास!" भोंग्याने जाहीर केलं. कोपऱ्यावरच्या सरबताच्या गाडीवर तिघं रोजच यायची. तिघांनी कागदी पेल्यांत संत्र्याचं सरबत घेतलं. शेपटाने तळाशी घोटभर ठेवलं, कारण तो नेहमीच ठेवायचा, आणि पेला कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकायला हात वर केला.

"ताई! पांढरी! माझ्या पेल्यावर!"

पेल्याच्या काठावर पीठ लागलेली एक मधमाशी बसली होती. ती आत उतरली, चिकट कागदावरून घसरली आणि थेट सरबतात पडली. वर येण्यासाठी पाय मारू लागली, पण पंख ओले होऊन चिकटले होते.

"फाड तो पेला! लवकर!" टिपण ओरडली. शेपटाने पेला टराटरा फाडला आणि माशी कट्ट्यावरच्या उन्हात ठेवली.

मग टिपणने ड्रममध्ये डोकावून पाहिलं. पेल्यांचा ढीग होता, बहुतेकांच्या तळाशी घोटभर सरबत आणि त्यात काळपट काहीतरी. तिने एक पेला उचलला. आत अकरा मधमाश्या होत्या. मेलेल्या.

"काठावरची फुलं गेली," ती म्हणाली, "म्हणून या उपाशी इथे येतात."

"आपण रोज येतो इथे," भोंगा म्हणाला. त्याला इतक्या हळू बोलता येतं हे टिपणला माहीतच नव्हतं.

"बारा दिवस. तिघांचे मिळून छत्तीस पेले." तिला ते लिहायचं नव्हतं. तरी तिने लिहिलं.

सरबतवाल्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अगं, चार-दोन माश्या मेल्या तर काय आभाळ कोसळलं? उलट बरंच झालं, गिऱ्हाइकांना चावतात!"

"चार-दोनच असतील ना काका?"

"मग! फार तर वीस."

टिपणने रांगेकडे नजर टाकली. बसची वाट बघणारी सात-आठ माणसं ऐकत होती. ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "मग पैज लावा. हा ड्रम उपसून मोजू. शंभरच्या आत निघाल्या तर आम्ही तिघं आठवडाभर तुमची गाडी पुसू. जास्त निघाल्या तर आम्ही सांगू ते करायचं!"

"कबूल! आणा फडकी, पोरांनो!" सरबतवाला सगळ्यांकडे बघत ऐटीत म्हणाला.

अकरा माश्यांचा तो पेला टिपणने पाठीमागे धरला होता.

जुन्या वर्तमानपत्रांवर पेले ओतले गेले. टिपण काडीने माश्या वेगळ्या करी आणि भोंगा आकडा पुकारी. "पन्नास! एकावन्न!" बस आली तरी माणसं चढेनात. कंडक्टरसुद्धा खाली उतरला. "नव्व्याण्णव! शंभर! एकशे एक!" सरबतवाल्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. हलणाऱ्या माश्या शेपूट अलगद पानावर घेऊन उन्हात नेत होता.

"दोनशे त्रेचाळीस!" भोंग्याने शेवटचा आकडा पुकारला. "आणि जिवंत एकोणीस!"

"हे किती दिवसांचे पेले?" कंडक्टरने विचारलं.

"कालपासूनचे," सरबतवाला पुटपुटला. मग हातातलं फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "बोल बाई. काय करू?"

"काचेचे पेले वापरा आणि लगेच धुवा. ड्रमला घट्ट झाकण लावा. आणि उरलेलं सरबत झाकणाच्या बादलीत ओता!"

"झाकण आत्ताच आणतो," तो म्हणाला. "पेले उद्या."

घरी जाऊन टिपणने आत्याला वही वाचून दाखवली, छत्तीस पेल्यांसकट. आत्या ऐकत राहिली. मग उठली आणि तडक शेजारी गेली. मुलं मागोमाग.

"मास्तर, माझं चुकलं," ती फाटकातूनच म्हणाली. "तक्रार मागे घेते. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारायला हवं होतं खरं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. कालव्याचं गवत कापून घेणारा मुकादम माझा विद्यार्थी. चौथीत दोनदा बसला होता. उद्या त्याच्याकडे जाऊ. काठाची एक बाजू फुलं वाळेपर्यंत कापायची नाही, हे त्याला वहीतून समजावून सांगायचं काम हिचं!"

मुकादमाने आधी "वरून हुकूम आहे" म्हटलं, पण मास्तर समोर उभे राहिल्यावर तो वहीसुद्धा नीट बघू लागला. एक बाजू राखायचं त्याने कबूल केलं.

शनिवारी टेम्पो आला. आत्याने ड्रायव्हरला पाणी दिलं आणि म्हणाली, "माफ करा भाऊ, फुकटचा हेलपाटा झाला. पेट्या कुठेही जात नाहीत."

"सगळ्या माश्या परत आल्या का गं?" शेपटाने विचारलं.

"बुडालेल्या कशा येतील? पण आत पिल्लं आहेत. दोन महिन्यांत पेट्या पुन्हा भरतील. काल संध्याकाळी पहिल्यांदाच वाटलं, गेलेल्या घरी येताहेत." आत्याने तिघांकडे पाहिलं. "मी शेजाऱ्यावर संशय घेऊन बसले. तुम्ही शोधलंत, मोजलंत आणि स्वतःची चूक निघाली तीही लपवली नाहीत. मोठ्यांना नाही जमत हे."

भोंगा पळत जाऊन जाळीच्या टोप्या घेऊन आला.

आत्याने जाळीची टोपी टिपणच्या डोक्यावर घातली. "ये. आज तिसरी पेटी तू उघड. घाई नको, दणका नको."

टिपणने दोन्ही हातांनी चौकट हळूच वर काढली. माश्या तिच्या बोटांवरून चालू लागल्या. तिने हात हलवला नाही. चौकट तिला वाटली होती त्यापेक्षा खूप जड होती.